आतड्याचं नातं

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहिलं की शरीररचनाशास्त्राचा एक तास फुकट पदरात पडतो. आमच्या दुकानवाल्या मामांचा हात वजडीवर बसलेला आहे. बकऱ्याचं आतडं ते बादलीतून उचलतात, एक टोक नळाच्या तोंडाला लावतात आणि पाणी सोडतात. करडी, सुरकुतलेली नळी फुगत जाते आणि बादलीत वळवळायला लागते. धुऊन झाल्यावर विहिरीवरचा दोर गोळा करावा तशी ते तिची वेटोळी हातावर घेतात. वीस-पंचवीस मीटर सहज भरते. एकदा मी विचारलं, एवढं लांब कशाला लागतं हो याला? मामांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, "पाला खातं ना ते. पाल्याला टाइम लागतो."

पचनावरची पुस्तकं मी त्यानंतर बरीच चाळली. आलेख पाहिले, जर्मन नावांची समीकरणं पाहिली. मामांच्या त्या वाक्याबाहेरचं त्यांत फार थोडं निघालं.

आतडं हा शब्द मराठीत नुसता अवयवाचा राहिलेला नाही. लेकरू आजारी पडलं की आईचं आतडं तुटतं. परक्याचं दुःख पाहून आतडं पिळवटतं. ज्याच्यासाठी असं होतं ते आपलं आतड्याचं माणूस. इंग्रजांनी माया हृदयात ठेवली, आपण ती दोन वीत खाली नेली, आणि मला वाटतं आपली निवड जास्त प्रामाणिक आहे. हृदय बिचारं पंप आहे. जगाशी खरा व्यवहार आतडं करतं. बाहेरचं आत घेतं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं ते ठरवतं. नातं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पण 'आतड्याचं नातं' हे शब्द अगदी अक्षरशः घेणारा एक माणूस लंडनमध्ये होऊन गेला. रिचर्ड ओवेन. 'डायनोसॉर' हा शब्द जगाला देणारा शरीररचनाशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियात त्याने कधी पाऊल ठेवलं नाही, पण तिथले प्राणी दारूच्या बरण्यांत बुडून त्याच्या टेबलावर येत. कांगारू, कोआला, वोंबॅट, आणि त्यांच्या मागून मुठीत मावतील असे किती तरी बारके जीव, सगळे पोटाला पिशवी असलेले. या गोतावळ्याची लावणी कशी करायची? १८३९ साली ओवेनने त्यांचे पाच गट पाडले आणि गटांना नावं दिली ती खाण्यावरून: मांसखाऊ, किडेखाऊ, फळखाऊ, गवतखाऊ, मुळंखाऊ. पुरावा म्हणून दात तपासले आणि पोट फाडून आतडी पाहिली. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे एक आंधळी पिशवी लोंबते. आत जायला वाट आहे, पलीकडे निघायला नाही. सुश्रुताच्या यादीत 'उंडुक' नावाचा अवयव आहे, आणि आपल्या विज्ञानलेखकांनी या पिशवीला तेच नाव दिलं. ओवेनच्या मांडणीत या उंडुकाचा मान मोठा. मांसखाऊंना उंडुक नाही, किडेखाऊंना बेताचं, फळखाऊंना लांबलचक, आणि असंच पुढे.

वाचताना पटत जातं, हीच त्यातली गोम. कारण या मांडणीत ऑस्ट्रेलियातले बँडिकूट आणि अमेरिकेतले ओपोसम एकाच खोलीत येऊन बसले. (बँडिकूट हे नाव मुळात आपल्याकडच्या घुशीचं. तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून, म्हणजे डुक्कर-उंदरावरून ते इंग्रजीत गेलं आणि तिथून एका परक्या प्राण्याला जाऊन चिकटलं. नावांचंही उंडुकासारखंच आहे, आत शिरलेलं लवकर बाहेर पडत नाही.) पुढच्या पिढ्यांनी ओवेनची ती खोली मोडली. सारखं खाणाऱ्यांची पोटं सारखी होत जातात, मग त्यांचे पूर्वज कितीही वेगळे असोत. एका खाणावळीत जेवणारे सगळे भाऊ नसतात, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

मग आतडं सांगतं काय? इथे मामांचं वाक्य कामाला येतं. ते टाइम सांगतं. अन्न पोटात किती वेळ ठेवणं या जीवाला परवडतं, त्याचं ते माप असतं. आणि हे माप सगळ्यांत काटेकोर होतं ते लहान प्राण्यात.

त्यामागे एक हिशोब आहे. माक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली उंदरापासून बैलापर्यंतच्या प्राण्यांची ऊर्जेची गरज त्यांच्या वजनाशी ताडून पाहिली. वजन १६ पट झालं की गरज १६ पट होत नाही, ८ पटींच्या आसपास होते. पोटाची जागा मात्र वजनाच्या सरळ प्रमाणात वाढते, १६ पट वजनाला १६ पट पोट. आता हाच हिशोब उलटा करा. १६ पट लहान प्राण्याचा एकेक ग्रॅम मोठ्याच्या दुप्पट ऊर्जा मागतो आणि पोटातली जागा मात्र तेवढीच. म्हणजे अन्न दुप्पट वेगाने पुढे गेलं पाहिजे, नाहीतर ते दुप्पट कसाचं असलं पाहिजे. गाय कडबा खाऊन दोन-दोन दिवस तो पोटात मुरवत बसते. तिला ते परवडतं. दहा ग्रॅमच्या प्राण्याला ही चैन नाही. पोट हातावर असणं म्हणजे काय, ते त्याला विचारावं.

पिशवीवाल्यांना एक सवलत आहे खरी. आपल्यासारख्या वार असलेल्या सस्तन प्राण्यांपेक्षा त्यांचा चयापचय सरासरीने ३० टक्के मंद चालतो. चूलच थोडी बारीक ठेवलेली. पण दहा ग्रॅम वजनात अशा सवलतीने कितीसं भागणार?

नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात, पर्थच्या खाली आणि आल्बनीच्या आजूबाजूला, खुरट्या झुडपांचा एक प्रदेश आहे. माती वाळूची, निकृष्ट. फुलांच्या जाती मात्र इतक्या की बारमाही कुठे ना कुठे काही फुललेलं असतं. त्यांत बँक्सिया ठळक दिसतं. जोसेफ बँक्सने १७७० साली बॉटनी बेला त्याच्या जातभाईंचे नमुने गोळा केले आणि पुढे हे कुळच त्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. बँक्सियाचं फूल आपण फूल म्हणून ओळखणार नाही. मक्याच्या कणसाएवढा, कधी त्याहून मोठा, शेकडो बारीक फुलांचा ताठ दांडा, बाटली धुवायच्या ब्रशसारखा. रात्री त्या ब्रशवर एक प्राणी चढतो. पाठीवर तीन गडद रेघा, शेपूट अंगापेक्षा लांब, मुस्कट निमुळतं, वजन ७ ते १२ ग्रॅमच्या घरात, म्हणजे खिशातल्या दोनतीन नाण्यांइतकं. इंग्रजीत त्याला हनी पोसम म्हणतात, तिथल्या मूळच्या नूंगार लोकांच्या भाषेत नूलबेंगर. वटवाघळं सोडली तर निव्वळ मध आणि पराग यांवर जगणारा सस्तन प्राणी हा एवढाच.

त्याच्या तोंडापासून सुरुवात करू, कारण पचन तिथूनच सुरू होतं आणि इथे ते दातांवाचून होतं. खालचे पुढचे दोन दात सोडले तर बाकीचे नुसते खुंट. चावायचंच नाही, तर दाढा हव्यात कशाला? जीभ लांब, टोकाला ब्रश. ती फुलात जाते आणि मध-परागांनी माखून परत येते. टाळूवर कंगव्यासारखे कंगोरे असतात, जीभ आत ओढली जाताना पराग त्यांवर खरवडला जातो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. परातीत हात फिरवून पीठ सोडवावं तसं हे चाललेलं असतं, आणि बघता बघता एक दांडा झाडून पुसून साफ होतो. ९ ग्रॅमच्या प्राण्याला दिवसाला साधारण ७ मिलिलिटर मध आणि १ ग्रॅम पराग लागतो. हा हिशोब ६० किलोच्या माणसाला लावला तर रोज ४५ लिटरहून जास्त सरबत होतं. अंगाच्या तीन-चतुर्थांश वजनाचं पाणी रोज त्या देहातून वाहून जातं.

आता खरी अडचण. मध म्हणजे साखरपाणी, ते रक्तात शिरायला वेळ लागत नाही. पण साखरेवर अंग धरत नाही, त्याला प्रथिन हवं, आणि ते परागात असतं. पराग मात्र कुलूपबंद. परागकणाचं बाहेरचं कवच सजीवांनी बनवलेल्या सगळ्यांत चिवट पदार्थांपैकी एका पदार्थाचं असतं. लाखो वर्षांपूर्वीच्या तळ्यांच्या गाळात ती कवचं आजही जशीच्या तशी सापडतात आणि त्यांवरून जुन्या हवामानाचा इतिहास लिहिला जातो. दाढा नाहीत म्हणजे फोडता येणार नाही. उंडुक नाही म्हणजे आंबवत ठेवता येणार नाही. आतडं आखूड म्हणजे थांबायलाही जागा नाही. ओवेनच्या टेबलावर हे पोट आलं असतं तर त्याने ते मांसखाऊंच्या रांगेत लावलं असतं की काय, असं गमतीने मनात येऊन जातं.

सुटका कवचातच आहे. परागकणाला छिद्रं असतात. फुलावर पडल्यावर त्याची नळी जिथून बाहेर यायची ती जागा. हनी पोसमच्या आतड्यात पाचक रस त्याच छिद्रांतून आत शिरतात आणि आतला ऐवज विरघळवून बाहेर आणतात. कवचाला धक्का लागत नाही. १९८६ साली रिचर्डसन, वुलर आणि कॉलिन्स या तिघांनी या प्राण्याच्या पचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली की परागकण दिसतात, गोल, तिकोनी, सगळे शाबूत आणि आतून रिकामे. कुलूप तसंच आणि घर मोकळं. जठराला बाजूला एक कप्पाही असतो. मध तिथे थोडा वेळ अडवून परागाला वाट करून दिली जात असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

या जीवाचं बाळ जन्मतं तेव्हा ५ मिलिग्रॅमसुद्धा नसतं. तांदळाच्या एका दाण्याचे चार तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढं. सस्तन प्राण्यांत याहून लहान नवजात माहीत नाही. डोळे बंद, मागचे पाय नुसते कोंभ. तयार असतात ते पुढचे दोन हात, सडाला धरेल असं तोंड, आणि दूध पचवण्यापुरती आत जाणारी वाट. निसर्गाला घाई झाली की तो सगळ्यांत आधी काय पुरं करतो ते इथे उघड्यावर दिसतं. डोळ्यांचं पुढे बघता येईल, आधी आतडं.

हनी पोसमला घाई असते, पण घाईवरचा उपाय त्याच्याकडे आहे. त्याच्याच देशातले दुसरे काही लहान जीव नेमके उलट वाटेने गेले. ते थांबायला शिकले.

शुगर ग्लायडरचं नाव आपल्याकडे आता नवं राहिलेलं नाही. माझ्या एका मित्राच्या पुतण्याने कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एक पाळला होता. शर्टाच्या खिशात बसायचा, मोठे काळे डोळे तेवढे बाहेर. पोराचा जीव होता त्याच्यावर. 'शुगर' म्हणजे गोड खाणारा, असा सरळ हिशोब करून घरात त्याला केळं, चिकू, सफरचंद असा फळांचा रतीब सुरू झाला. काही महिन्यांत त्याचे मागचे पाय ओढायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, कॅल्शियम नाही, हाडं पोकळ होत चालली आहेत. त्या पोराने रडत मला फोन केला होता. "काका, मी त्याला सगळं देत होतो हो."

देत होता, खरंच. पण नाव वाचून देत होता, आतडं वाचून नाही. रानात हा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा प्राणी वॅटल म्हणजे बाभूळकुळातल्या झाडांच्या सालीला दात लावतो आणि पाझरलेला डिंक चाटतो, शिवाय किडे धरतो. डिंक पचायला जड. सस्तन प्राण्याच्या स्वतःच्या पाचक रसांना तो दाद देत नाही. त्याला हवे असतात जंतू, आणि जंतूंना हवी असते जागा आणि सवड. म्हणून एवढ्याशा देहातही लांब, भरलेलं उंडुक. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू पुरवून पुरवून का खायचे, याचं उत्तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक होतं. ग्लायडरला ते न शिकवता ठाऊक आहे.

थांबण्याची परिसीमा रिंगटेल पोसमकडे. सिडनीच्या वस्त्यांमध्येही तो सापडतो, बागेच्या कुंपणावरून पळताना, शेपटाची कडी वळवलेली. वजन किलोच्या आतबाहेर, आणि खाणं निलगिरीची पानं. हिशोबाने हे बसायला नको. निलगिरीचं पान म्हणजे धागा, तेल आणि विष, प्रथिन जेमतेम. कोआला ते खातो, पण कोआला दहा किलोचा गडी, त्याचं उंडुकच दोन मीटरच्या घरात जातं. किलोभर देहात एवढं ठेवायचं कुठे? रिंगटेलच्या आतड्यात पानाचा चोथा वेगळा काढला जातो आणि लवकर बाहेर टाकला जातो. पातळ, बारीक, सकस भाग तेवढा उंडुकात मागे ठेवला जातो. तिथे जंतू त्यावर वाढतात. मग दिवसा, झाडावरच्या काटक्या-सालींच्या गोल घरट्यात अर्धवट झोपेत असताना, उंडुकातला हा मऊ ऐवज बाहेर येतो आणि रिंगटेल तो तोंडानेच परत घेतो. चिलकॉट आणि ह्यूम यांनी १९८५ साली याचा पाठपुरावा केला. दिवसाचा मऊ मल खाण्यासाठी, रात्रीच्या कठीण लेंड्या टाकण्यासाठी. ससा हेच करतो.

हे वाचून नाक मुरडणारे भेटतात. मी वर्गात सांगत असे तेव्हा मागच्या बाकांवरून हमखास आवाज यायचा. पण बघा, गाय रवंथ करते तेव्हा तिला आपण शांत म्हणतो, चित्रात काढतो. अन्न एकदाच्या पचनात हाती लागत नाही, ते पुन्हा तोंडात आणून पुन्हा आत पाठवावं लागतं, हे दोघांचंही दुखणं. गायीची वाट वरून आहे, रिंगटेलची खालून. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न फक्त नकाशाचा.

इयन ह्यूम हे नाव इथे एकदा घ्यायला हवं. सिडनीत शिकवणाऱ्या या माणसाने पिशवीवाल्यांच्या पोटांवर आयुष्य घातलं, दोन जाडजूड पुस्तकं लिहिली. ती वाचताना जाणवतं की पोसमच्या विष्ठेत किती नायट्रोजन आहे, याची चौकशीही किती मायेने करता येते.

पाल्याचं, डिंकाचं, परागाचं आतडं झालं. उरलं किडे खाणाऱ्याचं, आणि रचनेच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं जवळजवळ काही नाही. अँटेकायनस नावाचा प्राणी आहे, पूर्व ऑस्ट्रेलियाच्या रानांत पालापाचोळ्यात फिरणारा, दिसायला चिचुंद्री आणि उंदीर यांच्या मधला, नर तीस-चाळीस ग्रॅमचा. त्याचं जठर साधं. आतडं आखूड. उंडुक नाही. लहान आतडं कुठे संपलं आणि मोठं कुठे सुरू झालं ते बाहेरून बघून बोट ठेवता येत नाही, एकच सरळ नळी. भुंगा आत जातो, पंखांचे चकचकीत तुकडे बाहेर येतात. मांस आणि किडा पचायला सोपा, म्हणून यंत्रही सोपं. शवविच्छेदनाच्या ट्रेमध्ये हे आतडं पाहिलं तर विद्यार्थी पाच मिनिटांत आकृती काढून मोकळा होईल.

फक्त ते पाहायचा महिना ऑगस्ट नसावा. तिथे तो हिवाळा सरतानाचा काळ. त्या सुमाराला दोनेक आठवडे अँटेकायनसची वीण चालते आणि ती संपता संपता रानातले सगळे नर मरतात. एकूण एक. अकरा-साडेअकरा महिन्यांचं आयुष्य आणि त्याला दुसरा हंगाम नाही. १९६० च्या दशकात हे नीट नोंदवलं गेलं, आणि मग मेलेल्या नरांची पोटं उघडली गेली. जठरात आणि आतड्यात व्रण, त्यांतून झालेला रक्तस्राव. रोगांशी लढणारी ताकद संपलेली, परजीवी माजलेले. कारण उलगडलं ते असं. नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन चढतं. त्याने कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला बांधून ठेवणारं प्रथिन घटतं, आणि मोकळं सुटलेलं कॉर्टिसॉल आवरणारा शरीराचा नेहमीचा लगाम लागत नाही. अंगातलं स्नायूंचं प्रथिन मोडून त्याची साखर होऊ लागते. त्या बळावर नर खाण्याची फिकीर सोडून माद्यांच्या मागे धावतो, बारा-चौदा तासांचा एकेक समागम करतो. भूक बंद. आणि ज्या नळीचं काम बाहेरचं आत आणून देणं, तीच आतून फाटायला लागते. स्वतःला खाऊन जगणं या शब्दांचा याहून नेमका अर्थ मला माहीत नाही.

नर मरतात ते पोटुशा माद्यांना किडे पुरावेत म्हणून, अशी एक गोड उपपत्ती बराच काळ चालली. आपल्यालाही ती आवडली असती, बाप उपाशी राहून लेकरांना घास देतो या घाटाची. डायना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ती उतरवली. माद्यांची वीण ठरावीक काळाशी घट्ट बांधलेली, कारण पिल्लं अंगावरून सुटतील तेव्हा किडे भरपूर हवेत. त्यामुळे नरांची सगळी चढाओढ थोड्या दिवसांत कोंबली जाते. एकेक मादी अनेक नरांशी जुगते, आणि ज्याने अंगातलं सगळं एकाच डावावर लावलं त्याची संतती टिकते. त्याग वगैरे काही नाही, स्पर्धा आहे. नराचं वृषण काढलं तर तो मरत नाही. वीण सुरू व्हायच्या आधी पकडून एकटा ठेवला तरी जगतो, भुंगे खातो, पंखांचे तुकडे टाकतो. आतड्यात मुळात दोष काहीच नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवसांत आमच्या नात्यातला एक तिशीतला मुलगा अल्सरने इस्पितळात होता. कंपनीचं वर्षअखेरीचं टार्गेट, जेवणाच्या वेळा नाहीत, रात्रभर कॉफी. त्याच्या खाटेशी बसून मी अँटेकायनसची गोष्ट सांगणार होतो. सांगितली नाही. वरणभात खायला घातला.

ओवेनच्या मोडलेल्या खोलीकडे परत जातो. एक नातं तिथे चुकून सुटलं होतं, ते सापडलं ते भलत्याच ठिकाणी.

दक्षिण अमेरिकेत, चिले आणि त्याला लागून असलेल्या आर्जेंटिनाच्या थंड, ओल्या जंगलांत एक पिशवीवाला प्राणी राहतो. तीसेक ग्रॅमचा, डोळ्यांभोवती काळं, शेपटीच्या बुडाशी चरबी साठवून हिवाळाभर झोपणारा. मोनितो देल मोंते, डोंगरातलं माकडुलं, असं त्याचं स्पॅनिश नाव, जरी माकडाशी संबंध काही नाही. अमेरिकेत राहतो म्हणजे अमेरिकन ओपोसमांचा भाऊ, असा साधा तर्क होता. १९८२ साली फ्रेडरिक सालाय याने त्याच्या घोट्याची हाडं तपासली आणि ती ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांच्या घोट्यांशी जुळली. पुढे जनुकांनीही त्याला दुजोरा दिला. समुद्रापलीकडच्या कांगारू-पोसमांचा हा जवळचा नातलग, अंटार्क्टिकावरून चालत जाता येत होतं त्या काळापासूनचा. ओवेनने आतड्यात शोधलेलं नातं घोट्यात निघालं.

आतड्यात मात्र याच्या दुसरंच काही निघालं. ती जंगलं आहेत तिथे माकी नावाच्या झाडांवर एक बांडगूळ वाढतं. बांडगूळ म्हणजे आपल्याकडे शिवी. कोकणातला आंबेवाला फांदीवर ते दिसलं की कोयता काढतो. आपल्या बांडगुळाचं बी पसरवतो चिमणीहून लहान असा फुलटोच्या. त्याच्या आतड्यातून ते झटपट निघतं, चिकट असतं, आणि त्याला ते फांदीला घासून पुसावं लागतं. माकीवरच्या बांडगुळाचं फळ पिकलं तरी हिरवंच राहतं, आणि ते रात्री मोनितो खातो. गिजेर्मो अमिको आणि मार्सेलो आइसेन यांनी बारिलोचेजवळच्या याओ याओच्या जंगलात हे तपासलं आणि २००० साली मांडलं. झाडावरून नुसतं गळलेलं बी रुजत नाही. मोनितोच्या आतड्यातून जाऊन आलेलं बी रुजतं. थंडीत त्या बांडगुळाला लाल फुलं येतात, आणि दुसरं फारसं काही फुललेलं नसताना तिथला इवलासा गुंजनपक्षी त्यांवर तगतो.

इतकी आतडी पाहिली. परागाचं कुलूप न तोडता घर धुणारं, डिंकाला सवड देणारं, मऊ मल परत मागून घेणारं, आणि मालकाच्या घाईत फाटलेलं. या तीस ग्रॅमच्या जीवाच्या आतड्यात फळाचं सालपट आणि गर तेवढा जिरतो. आतलं बी कुणी उघडत नाही.

त्या जंगलात रात्री पाऊस असतो. मोनितो फांदीवर सरकत येतो, शेपटीचा वेढा घालतो, क्षणभर थांबतो आणि पुढे निघून जातो. मागे सालीवर चिकटलेल्या तीन-चार हिरवट बिया राहतात, माळेतून ओघळल्यासारख्या एकमेकींना धाग्याने धरून. त्यातल्या एकीच्या टोकाला काही दिवसांनी एक बारीक कोंब येतो आणि वाकून फांदीची साल चाचपू लागतो.